ठमाबाईचे टाके

ठाण्याच्या कोपरीतल्या ठमाबाई भोईरचा हात सुईवर लहानपणीच बसला होता, मात्र ती सुई म्हणजे वीतभर लांब दाभण. तिचा बाप खाडीकाठच्या मिठागरावर कामाला होता, आणि भरलेल्या गोणींची तोंडं शिवायचं काम तिथल्या बायका-पोरी करत. ठमाने शिवलेली गोणी बैलगाडीतून कितीही आदळत गेली तरी उसवत नसे. लग्न झालं तेही मिठागरावरच्याच राघोशी. राघोची आई गावची सुईण होती. तिने सुनेचे हात बघितले. ते मऊ नव्हते, पण घाई करणारेही नव्हते. तिने ठमाला बाळंतपणांना बरोबर न्यायला सुरुवात केली. सासू वारली तेव्हा ठमाबाई तीस वर्षांची होती, आणि कोपरीपासून चेंदणीपर्यंत कुणाच्याही घरी कळा सुरू झाल्या की तिलाच बोलावणं येऊ लागलं होतं.

उंच, सावळी, मोठ्याने हसणारी बाई. अडलेल्या पोरीच्या उशाशी बसून ती असं काहीतरी बोलायची की दोन कळांच्या मध्ये त्या पोरीला हसू फुटायचं. मूल झालं की त्याला पुसता पुसता ती त्याच्या कानाशी बापाची चहाडी करायची. "तुजा बापूस लय आलशी हाय, आतापास्नंच कामाला लाव त्याला." बाहेर ओटीवर बसलेला बाप ते ऐकायचा, आणि मूल धडधाकट आहे हे त्याला त्यावरूनच कळायचं.

एका गोष्टीवर मात्र ती हसत नसे. मूल बाहेर येताना बाईचं अंग फाटतं. पहिलटकरणीचं तर बहुतेक वेळा फाटतंच. सासूने त्यावरचे उपाय शिकवले होते. मांड्या लुगड्याच्या पट्टीने जवळ बांधायच्या, दहा दिवस उठू द्यायचं नाही, कडुलिंबाच्या कोमट पाण्याने धुवायचं, शेक द्यायचा. तेवढ्यावर बहुतेकींचं भरून येई. पण दोन-तीन वर्षांत एखादी अशी निघे की तिचं थेट मागच्या वाटेपर्यंत फाटलेलं असे, आणि ते काही केल्या जुळत नसे.

शालूचं तसंच झालं होतं. तिचा मुलगा काळुराम ठमाबाईच्याच हातांत जन्मला. मूल गुटगुटीत होतं, पण शालूचं अंग जुळलं नाही. तिला शौच आवरता येईना. नवऱ्याने तिला टाकली नाही हे तिचं नशीब, पण तिने स्वतःच माणसांत जाणं सोडलं. कुणाच्या हळदीला नाही, बारशाला नाही, गावदेवीच्या जत्रेला नाही. दिवसातून चारदा ती खाडीवर धुवायला जायची आणि परत येऊन मिठागराच्या बांधावरच्या झोपडीत बसायची. ठमाबाई दर आठवड्याला तिच्याकडे जाऊन बसत असे. शालू तिला कधीच दोष देत नव्हती, आणि ठमाबाईला तेच जास्त लागायचं.

सन अठराशे एकोणनव्वदच्या सुमारास टेंभी नाक्याजवळ हरिहर चौबळ नावाच्या तरुण डॉक्टरांनी दवाखाना उघडला. मुंबईला शिकून परीक्षा पास होऊन आलेले, किडकिडीत, बोलताना चष्मा सारखा वर ढकलणारे. आल्या आल्या त्यांनी आसपासच्या सगळ्या सुईणींना बोलावणं धाडलं. सहा जणी आल्या. डॉक्टरांनी त्यांना ओसरीवर बसवून नीट समजावलं: हात कार्बोलिकच्या पाण्याने धुवा, नाळ कापायचा विळा उकळून घ्या. इथवर बायका माना डोलवत होत्या. मग डॉक्टर म्हणाले, "आणि बाळंतिणीचं अंग फाटलं, अगदी थोडं फाटलं, तरी मला बोलवायचं. मी टाके घालीन. एकही तशीच सोडायची नाही."

बायकांनी तोंडाला पदर लावले. एकीला हसू आवरेना.

ठमाबाईने विचारलं, "तुमी सवता बगनार? बाप्या मानूस?"

"मी डॉक्टर आहे."

"दाक्तर असा का मामलेदार असा, बाय तुमाला आत घेनार नाय. आनि सगल्यांना शिवायचं कशाला? आठ-धा दिसांत आपसूक भरतंय. मी शंभरावर बगितल्यात."

"पुस्तकात तसं सांगितलेलं नाही."

"पुस्तकानं किती बालंतपनं केली?"

आता सगळ्याच हसल्या. डॉक्टर लाल झाले, पण रागावले नाहीत. सभा तिथेच मोडली. बायका उठून गेल्या, ठमाबाई मात्र पायरीवर रेंगाळली. सगळ्या दिसेनाशा झाल्यावर ती परत ओसरीवर आली.

"दाक्तर, येक विचारतंय. जिचं पार मागपरत फाटतंय, ती शिवता येती?"

"येते. त्याच दिवशी शिवली तर बहुतेक वेळा पूर्ण बरी होते."

ठमाबाई खाली बसली. मग म्हणाली, "तर मंग मना शिकवा. तुमाला आत घेत नाय, पन मना घेतात."

डॉक्टरांनी सुईणीने टाके घातल्याचं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला बकऱ्याच्या मांसाचा तुकडा होता. "यो फाडा तुमच्या हातानं," ती म्हणाली, "आनि तुमची सुई द्या. जमलं नाय तर मी परत येनार नाय."

डॉक्टरांनी कपाटातून वाकडी सुई आणि रेशमाचा दोरा काढला. एक टाका घालून दाखवला. ठमाबाईने सुई बोटांत फिरवून बघितली, दाभणाच्या मानाने ती डासाच्या सोंडेएवढी होती, आणि तिने सहा टाके घातले. एकसारख्या अंतरावर, न आवळता. डॉक्टरांनी चष्मा काढून तुकडा डोळ्यांजवळ नेला.

"कुठे शिकलात?"

"गोनी शिवायला. लय आवललं का तागाचा धागा तुटतंय, सैल सोरलं का मीठ गलतंय."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती टेंभी नाक्यावर शिकायला जाऊ लागली. डॉक्टर मांसाचा तुकडा उभा-आडवा फाडून देत आणि समजावत: आतल्या थराला आधी टाके, मग वरच्या. मागच्या वाटेभोवती नाडीसारखा गोल पट्टा असतो. तो तुटला की त्याची दोन टोकं आत दडून बसतात. ती शोधून एकमेकांना जोडली नाहीत, तर वरून कितीही छान शिवलं तरी उपयोग नाही. ठमाबाईला हे चटकन उमगलं. शालूच्या बाबतीत काय राहून गेलं होतं ते तिला इतक्या वर्षांनी कळलं.

शिकून झाल्यावर ते मांस टाकून द्यायचं तिच्या जिवावर येई. ती टाके उसवून, धुवून ते घरी न्यायची आणि कालवण करायची. राघो दर रविवारी मटण मिळतं म्हणून खूश होता. एकदा जेवता जेवता त्याने दातांतून बोटभर रेशमाचा दोरा ओढून काढला आणि उजेडात धरून बघितला.

"बकरा रेशीम खात व्हता का काय?" त्याने विचारलं.

ठमाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने त्याला सगळं सांगितलं. राघोने ऐकून घेतलं, दोरा भिंतीच्या भेगेत खोचला आणि उरलेलं मटण संपवलं.

पुढच्या वर्षी त्यांची लेक गोदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला कल्याणला दिली होती. कळा पहाटे सुरू झाल्या आणि सूर्य चांगला वर आल्यावर मूल झालं. मुलगी, डोक्याने मोठी, आणि बाहेर येताना तिचा एक हात गालाशी होता. ठमाबाईने नाळ कापली, मुलीला पुसलं, आणि मग खाली बघितलं. तिने बापाची चहाडी केली नाही. बाहेर बसलेल्या राघोला त्यावरूनच काहीतरी बिनसल्याचं कळलं.

गोदाचं पार मागेपर्यंत फाटलं होतं.

ठमाबाईने फडकं दाबून धरलं आणि लेकीला स्पष्ट सांगितलं. "गोदे, शालूसारकं जालंय. शिवलं तर बरं व्हईल. मी शिवीन. पन भूल द्याया दाक्तर लागंल. त्यो तुज्या डोक्याशी बसंल, मदी चादर बांधीन. तुजं तोंड सोरून त्याला काय दिसनार नाय. तू सांग."

गोदा घामाने भिजली होती. तिने शालूला लहानपणापासून बघितलं होतं. "बोलाव," ती म्हणाली. "आनि तुजा हात थरथरला तर मना नको सांगूस."

राघो धावत टेंभी नाक्यावर गेला. डॉक्टर आले तेव्हा ठमाबाईने खाट दाराच्या उजेडात ओढली होती आणि राघोचं धोतर पडद्यासारखं आडवं बांधून खाटेचे दोन भाग केले होते. उजेड अडू नये म्हणून शेजारणी दारापासून जरा लांब पाठी करून, पदर पसरून उभ्या राहिल्या. गावात कुजबुज सुरू झालीच होती की राघोच्या घरात परका पुरुष बाळंतिणीजवळ गेला. राघो ओटीवर उभा राहून येईल त्याला सांगत होता, "माज्या धोतराच्या पल्याड हाय त्यो."

डॉक्टर गोदाच्या उशाशी बसले. रुमालावर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकून त्यांनी तिला भूल दिली आणि एक हात तिच्या नाडीवर ठेवला. दुसऱ्या बाजूला ठमाबाईने हात कार्बोलिकच्या पाण्यात बुडवले.

"टोकं दिसतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"येक गावलं. दुसरं नाय."

"डावीकडे खोल बघा. घाई नको."

गोदाच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. मग ठमाबाई म्हणाली, "हां. गावलं. दडून बसलं व्हतं."

तिने ती दोन टोकं जवळ आणली आणि टाका घातला. मग दुसरा, तिसरा. आतला थर झाला, मग वरचा. मध्येच तिचे डोळे भरून आले तेव्हा एका शेजारणीने आत येऊन तिच्याच पदराने ते पुसले, कारण तिचे हात मोकळे नव्हते. हात थरथरले नाहीत. शेवटची गाठ मारून ती म्हणाली, "जालं." डॉक्टरांनी भुलीचा रुमाल काढला, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की त्यांचा स्वतःचा सदरा पाठीला चिकटला आहे.

पुढचे आठ दिवस सगळ्यात कठीण होते. डॉक्टरांनी आतडं शांत राहावं म्हणून अफूची बारीक गोळी दिली होती आणि पेजेच्या निवळीवर ठेवायला सांगितलं होतं. ठमाबाई दिवसातून तीनदा धुवायची, वास घेऊन बघायची, कपाळाला हात लावायची. ताप आला नाही. आठव्या दिवशी सकाळी एरंडेल दिलं. सगळं घर वाट बघत बसलं. राघो तर अंगणात येरझारा घालत होता.

दुपारी गोदा परसातून भिंतीला धरून हळूहळू आत आली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि लाजही होती.

"आये," ती म्हणाली, "मना कललं. कवा जायचं तेबी कललं आनि मी थांबलेबी."

ठमाबाईने तिला धरलं आणि मोठ्याने हसली, आठ दिवसांत पहिल्यांदाच. मग खाटेवरच्या नातीला उचलून तिने तिच्या कानाशी राहून गेलेली चहाडी केली. जावई खरंच आळशी होता. राघोने त्या दिवशी अख्ख्या आळीला गुळाचा खडा वाटला. कशासाठी म्हणून कुणी विचारलं तर तो अगदी सरळ चेहऱ्याने खरं कारण सांगे, आणि ऐकणाऱ्याला गूळ तोंडात ठेवावा की नाही ते कळत नसे.

त्यानंतर वर्षभराने डॉक्टरांची बायको उत्तरा बाळंत झाली, तीही ठमाबाईच्याच हातांनी. मुलगा झाला. थोडं फाटलं होतं, कातडीपुरतं. डॉक्टरांनी बाहेरून विचारलं आणि ऐकताच सुई उकळायला ठेवली.

ठमाबाई दार लोटून बाहेर आली. "सुई नको."

"फाटलंय म्हणालात ना?"

"वाईच फाटलंय. पाय जवल घेतले का काठाला काठ लागतोय. रगत थांबलंय. त्यात सुई टोचून तिला दुखवायचं कशाला?"

"पण नियम म्हणजे नियम, ठमाबाई."

"गोदाच्या वक्ताला तुमचं आयकलं का नाय मी? आता माजं आयका. धा दिस थांबा. नाय भरलं तर मी सवता शिवीन, आनि तुमच्याम्होरं कान धरीन."

आतून उत्तराबाईंचा आवाज आला, थकलेला पण ठाम. "अहो, मला टाके नकोत. त्या म्हणतात तसं करा."

डॉक्टरांनी सुई परत कपाटात ठेवली. ते दहा दिवस त्यांनी रोज सकाळी बायकोला विचारलं, आणि रोज उत्तराबाईंनी सांगितलं की कालच्यापेक्षा बरं आहे. अकराव्या दिवशी त्या पाटावर मांडी घालून बसल्या आणि बाळाला मांडीवर घेऊन नवऱ्याला म्हणाल्या, "आता पुस्तकात लिहून ठेवा." डॉक्टरांनी पुस्तकात नाही, पण दवाखान्याच्या भिंतीवरच्या सुईणींसाठीच्या सूचनांमधून 'एकही तशीच सोडायची नाही' ही ओळ खोडली. तिथे नवीन ओळ लिहिली: खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा मागपर्यंत गेलं असेल तर लगेच शिवावे, वरवरचे असून काठ जुळत असतील तर स्वच्छ ठेवून वाट पाहावी. ठमाबाईला वाचता येत नव्हतं. तिने ती ओळ त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतली आणि मान डोलावली.

गोदा बरी झाल्याची बातमी बांधावरच्या झोपडीतही पोचली होती. एका संध्याकाळी ठमाबाई नेहमीसारखी तिथे बसली असताना शालूने खाली बघत विचारलं, "ठमे, माजं आता व्हनार नाय ना? लय वरसं जाली."

ठमाबाईने तो प्रश्न डॉक्टरांपुढे टाकायचं कितीदा तरी मनात आणलं होतं आणि नाही म्हणतील या भीतीने टाळलं होतं. आता ती गेली. डॉक्टर म्हणाले, "जुनं झालं म्हणून अशक्य नाही. भरलेले काठ पुन्हा ताजे करून शिवावे लागतात. ते तुमचं काम नाही आणि माझंही नाही. मुंबईला बायकांच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई आहेत, त्या करतात. मी चिठ्ठी देतो."

शालू घरातून निघायलाच तयार होईना. आगगाडीत माणसांशेजारी बसणं आपल्याला जमणारच नाही, असं ती म्हणे. शेवटी काळुराम, आता चौदा वर्षांचा, म्हणाला, "मग आपुन खारीतून होरीनं जाऊ," आणि बापाला घेऊन त्याने खरंच एक होडी ठरवली. भरतीच्या वेळा बघत ते दीड दिवसाने मुंबईला पोचले. ठमाबाई बरोबर होती. शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला आत उभं राहू दिलं, आणि ती प्रत्येक टाका डोळ्यांत तेल घालून बघत राहिली.

तीन आठवड्यांनी शालू ठमाबाईबरोबर परत आली, ती आगगाडीने. ठाण्याच्या स्टेशनात उतरून ती लगबगीने घराकडे निघाली नाही. फलाटावरच्या बाकावर, दोन अनोळखी बायकांच्या मध्ये, ती पाठ टेकून बसली आणि म्हणाली, "ठमे, वाईच बसू ग हतं." ठमाबाई समोर उभी राहिली. गाडी निघून गेली, फलाट रिकामा झाला, त्या दोन बायकाही गेल्या. शालू तरी बसूनच होती. ठमाबाईने तिला उठवलं नाही.

पुढे चौऱ्याण्णव साली कल्याणच्या सुईणींना शिकवायला डॉक्टरांनी ठमाबाईला पाठवलं. गोदाच्या सासरच्या पडवीत आठ जणी जमल्या. त्यांत रंगूबाई नावाची सगळ्यांत वडील, पांढऱ्या केसांची, कपाळाला आठ्या घालून बसलेली. ठमाबाई मांस फाडून दाखवत होती, तेव्हा रंगूबाई म्हणाली, "हे सगळं ठीक आहे. पण शिवायचं की सोडायचं, हे कसं ठरवायचं ते सांग. हात काय, कुणीही चालवेल."

ठमाबाईला ती बाई त्या क्षणी आवडली. "तेच तर शिकायचं हाय," ती म्हणाली. "बोट घालून बगायचं, डोल्यांनी बगायचं, लाजायचं नाय. काठ जुलतात का, रगत थांबतंय का, मागचा पट्टा साबूत हाय का. आनि बायला विचारायचं. आदी तिला सांगायचं, मंग करायचं."

पुढचे चार दिवस रंगूबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसली, आणि शेवटच्या दिवशी तिने वाकडी सुई मागून घेतली.

दोनेक महिने गेले. ठमाबाई कोपरीला अंगणात सुकी मासळी उलटवत होती, तेव्हा कल्याणहून आलेला पोपट नावाचा गाडीवान गाडी थांबवून म्हणाला, "रंगूबाईंनी निरोप दिलाय. म्हणाल्या, ठमाबाईला सांग, या महिन्यात एक शिवली आणि तीन सोडल्या. चौघीही हिंडत्या-फिरत्या आहेत."

"एक शिवली ती कशी हाय?"

"माझीच भावजय ती," पोपट म्हणाला. "परवा नदीवर धुणं घेऊन गेली."

ठमाबाईने राघोला हाक मारली आणि निरोप पुन्हा एकदा, पहिल्यापासून, त्याच्यासमोर सांगायला लावला.